‘पोलिसी खाक्या दाखवताच...’

‘सुरुवातीला उडवाउडवीची उत्तरे देणाऱ्या आरोपीला पोलिसी खाक्या दाखवताच तो पोपटासारखा बोलू लागला.’

हे वाक्य कुठल्या पेपरातलं, असं विचारण्यात अर्थ नाही. ते सगळ्याच पेपरांतलं आहे. गाव बदलतं, मयताचं नाव बदलतं, वाक्य मात्र तेच राहतं. इतकी वर्षं वाचून ते एवढं गुळगुळीत झालंय, की त्यात नेमकं काय सांगितलंय याकडे आपलं लक्षच जात नाही. चहाचा घोट घेत आपण मनात म्हणतो, चला, सापडला एकदाचा.

पण ते सावकाश वाचून बघा. खाक्या दाखवला म्हणजे काय केलं? चहा तर नक्कीच पाजला नसणार. इंग्रजांनी १८६० साली केलेल्या दंड संहितेत ३३० वं कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेत ते १२० वं झालं. कबुली काढण्यासाठी कोणाला इजा करणं हा गुन्हा, सात वर्षांपर्यंत कैद. कलमाखाली समजावून सांगायला उदाहरणं दिली आहेत आणि त्यातल्या पहिल्याच उदाहरणातला गुन्हेगार पोलीस अधिकारी आहे. म्हणजे कायद्याने गुन्ह्याचा नमुना म्हणून जे दिलं, तेच आपल्या बातम्यांत तपासाचं यश म्हणून छापून येतं. एका वाक्यात दोन गुन्हे असतात. आपल्याला त्यातला एकच दिसतो, आणि तोही सिद्ध झालेला.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की खोट्या कबुलीचा उगम पोलीस कोठडीत होत असला तरी तिला गिऱ्हाईक आपण आहोत. खून झाला, पेपरात फोटो आला, मोर्चा निघाला, की चोवीस तासांत छडा लागला पाहिजे, ही मागणी आपली. आणि छडा म्हणजे कबुली, ही समजूतही आपलीच.

कायद्याची समजूत मात्र नेमकी उलटी आहे, आणि ती आजची नाही. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येणार नाही, हे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होतं. १ जुलै २०२४ पासून साक्ष्य अधिनियम लागू झाला, तिथे ते २३ व्या कलमात गेलं. हे कलम कोणा मानवाधिकारवाल्याने घुसडलेलं नाही. कंपनी सरकारच्या राज्यात मद्रास इलाख्यात लोकांचा इतका छळ होत होता, की १८५५ साली त्यावर चौकशी आयोगाचा अहवाल आला. सारा वसुलीसाठी छळ आणि कबुलीसाठीही छळ. पुढे पुरावा कायद्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन या कडक साम्राज्यवादी गृहस्थाने केला. त्याने एका अनुभवी अधिकाऱ्याचं म्हणणं नोंदवून ठेवलंय. त्याचा मथितार्थ असा, की उन्हातान्हात पुरावे शोधत हिंडण्यापेक्षा सावलीत आरामात बसून एखाद्या गरिबाच्या डोळ्यांत मिरचीपूड चोळणं फार सुखाचं. पोलिसांना क्रौर्याची आवड असते असं तो म्हणत नव्हता. कबुलीने कष्ट वाचतात, एवढंच त्याचं निरीक्षण होतं. दीडशे वर्षांत ते खोटं ठरवण्याचा आपण फारसा प्रयत्न केलेला नाही.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, ‘पण न केलेला खून कोणी कशाला कबूल करेल?’ आमच्या घरात हा प्रश्न माझ्या वडिलांचा होता आणि त्यांच्या दृष्टीने तोच वादाचा शेवटही होता. चोरी एक वेळ समजू शकतो, ते म्हणायचे, पण खून? फाशीची भीती असताना?

या प्रश्नाचं सगळ्यात पूर्ण उत्तर जपानमध्ये आहे. १९६६ च्या जूनमध्ये शिझुओका प्रांतात मिसो, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेलं वाटण, बनवणाऱ्या कारखान्याच्या एका संचालकाचा, त्याच्या बायकोचा आणि दोन मुलांचा खून झाला, घर पेटवलं गेलं. कारखान्यातला कामगार इवाओ हाकामादा पकडला गेला. पूर्वी तो मुष्टियोद्धा होता, म्हणजे लोकांच्या मनात निम्मा गुन्हा तिथेच शाबीत. वीस दिवस, रोज सरासरी बारा तास चौकशी. शेवटी कबुली. एक नाही, पंचेचाळीस जबाब. त्यातले चव्वेचाळीस न्यायालयाने स्वतःच फेटाळले आणि उरलेल्या एकाला धरून १९६८ मध्ये फाशी सुनावली. तीन न्यायाधीशांपैकी ज्याने तो निकाल लिहिला, त्याला आरोपी निर्दोष वाटत होता. इतर दोघांपुढे त्याचं चाललं नाही. ही गोष्ट त्याने २००७ मध्ये, जवळजवळ चाळीस वर्षांनी, जाहीरपणे सांगितली. खुनानंतर वर्ष उलटून गेल्यावर मिसोच्या टाकीत रक्ताचे कपडे सापडले होते. त्यातली पँट हाकामादाला चढतही नव्हती. २०१४ मध्ये तो तुरुंगाबाहेर आला आणि २६ सप्टेंबर २०२४ ला निर्दोष ठरला. तेव्हा तो ८८ वर्षांचा होता. पुरावे तपास यंत्रणेनेच रचले होते, असं न्यायालयाने म्हटलं.

बारा तास, वीस दिवस. कोठडीत असताना माणूस हिशेब आपण घरी बसून करतो तसा करत नाही. फाशी पुढे आहे, कुठेतरी लांब. समोरचा माणूस आत्ता आहे, त्याच्या हातातला पट्टा आत्ता आहे, तहान आत्ता लागलीय. ‘आता सही कर, काय सांगायचं ते कोर्टात सांग’ हे वाक्य कुठल्याही भाषेत तितकंच परिणामकारक ठरत असावं. यातली क्रूर गंमत अशी, की निर्दोष माणूस या वाक्याला लवकर फसतो. आपण काही केलेलंच नाही, कोर्टाला ते दिसेलच, असा त्याचा भाबडा विश्वास असतो. सराईत गुन्हेगाराला कोर्ट कसं चालतं ते माहीत असतं. तो गप्प बसतो.

अमेरिकेत दोन अभ्यासकांनी २००४ मध्ये खोट्या ठरलेल्या १२५ कबुल्या एकत्र करून पाहिल्या. त्यातल्या ऐंशी टक्क्यांहून जास्त खुनाच्या होत्या. माझ्या वडिलांचा तर्क इथे उलटा पडतो. खुनाची खोटी कबुली देणं अवघड, म्हणून ती दुर्मीळ असेल असं आपल्याला वाटतं. पण दबाव खुनातच सर्वांत जास्त असतो. मेलेला माणूस साक्ष देऊ शकत नाही, गाव खवळलेलं असतं, वरून दर तासाला फोन येत असतात. या कबुल्या देणाऱ्यांपैकी ज्यांनी पुढे गुन्हा नाकबूल करून खटला लढवला, त्यांतल्या ८१ टक्क्यांना ज्यूरींनी दोषी ठरवलं. म्हणजे एकदा कबुली कानावर पडली, की इतर सगळे पुरावे ती सांगेल तसेच दिसू लागतात.

ज्यूरी आपल्याकडे नाहीत असं कोणी म्हणेल. आहेत की. रोज रात्री नऊ वाजता बसतात.

८ सप्टेंबर २०१७ ला गुरुग्राममधल्या एका शाळेच्या स्वच्छतागृहात सात वर्षांच्या मुलाचा गळा चिरलेला आढळला. त्याच दिवशी पोलिसांनी शाळेच्या बसचा कंडक्टर पकडला. त्याने कॅमेऱ्यांसमोर गुन्हा कबूल केला. सगळ्या देशाने ते पाहिलं. बुद्धी फिरली होती, अशा अर्थाचं तो काहीतरी बोलत होता. तिथल्या वकिलांनी त्याचं वकीलपत्र घ्यायचं नाही असं ठरवलं. वकिलांच्या संघटनांनी असे ठराव करणं बेकायदा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून झालं होतं, पण लोकभावनेपुढे वकीलही माणसंच. कंडक्टर होता गरीब, शिकलेला बेताचा, आणि बाथरूमच्या आसपास दिसलेला. आपल्या मनातल्या खुन्याच्या चित्रात फिट्ट. दोन महिन्यांनी सीबीआयने त्याच शाळेतल्या अकरावीच्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. कंडक्टरला आधी जामीन मिळाला, मग २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने आरोपमुक्त केलं, आणि पुढे सीबीआयने हरियाणाच्या चार पोलीस अधिकाऱ्यांवर आरोपपत्र ठेवलं. त्या विद्यार्थ्यानेही कबुली दिल्याची बातमी लगेच आली. आपण तीही त्याच श्रद्धेने वाचली. दोन महिन्यांपूर्वी त्याच गुन्ह्याची दुसरी कबुली आपण ऐकली होती, याची कोणाला अडचण झाली नाही.

आता घरचं बघू.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलच्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले. १८९ माणसं गेली. मी त्या काळात बोरिवली-चर्चगेट करत होतो. त्यामुळे या प्रकरणाकडे तटस्थपणे पाहतो असा दावा मी करणार नाही. एटीएसने, म्हणजे राज्याच्या दहशतवादविरोधी पथकाने, माणसं पकडल्याची आणि त्यांनी कबुली दिल्याची बातमी आली तेव्हा मलाही बरं वाटलं. खूप बरं वाटलं, हे इथे लिहून ठेवतो.

इथे कायद्यातली एक फट समजून घ्यावी लागते. पोलिसांपुढची कबुली चालत नाही हा नियम, पण आधी दहशतवादाविरुद्धच्या टाडा कायद्याने आणि मग १९९९ साली महाराष्ट्राच्या संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मोक्का कायद्याने त्याला अपवाद केला. मोक्काच्या १८ व्या कलमानुसार अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला कबुलीजबाब पुरावा ठरतो. खांद्यावर अधिक चांदण्या असल्या की कबुली अधिक खरी होते, असं त्यामागचं गृहीतक असावं. लोकल स्फोटांच्या खटल्यात मोक्का लागला आणि अकरा आरोपींचे कबुलीजबाब खटल्याचा कणा बनले. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप. एक जण सुटला.

२१ जुलै २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. न्या. अनिल किलोर आणि न्या. श्याम चांडक यांचं ६७१ पानांचं निकालपत्र आहे. वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी नोंदवलेल्या वेगवेगळ्या माणसांच्या कबुल्यांत काही भाग शब्दशः सारखा आढळला. छळ झाल्याचा आरोपींचा दावा वैद्यकीय कागदांशी जुळत होता. साक्षीदारांनी आरोपींना ओळखलं ते शंभराहून अधिक दिवसांनी. बाँब कोणत्या प्रकारचा होता, तेही सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. बारातला एक जण हा निकाल ऐकायला नव्हता. २०२१ मध्ये नागपूरच्या कारागृहात कोविडने तो गेला होता. राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेलं. सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवायला सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये असं सांगितलं.

मला या सगळ्यात खिळवून ठेवते ती एक जुनी गोष्ट. २००८ मध्ये मुंबईच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन या दहशतवादी संघटनेच्या एका संशयिताला पकडलं. त्याच्या कबुलीजबाबात हे लोकलचे स्फोट आपल्या गटाने केल्याचं आलं. मग तोही न्यायालयात फिरला. एकाच शहराचं पोलीस दल, एकच गुन्हा आणि दोन वेगळ्या टोळ्यांच्या दोन कबुल्या. दोन्ही खऱ्या असणं शक्य नाही. दोन्ही खोट्या असणं शक्य आहे. यातली किमान एक खोटी आहे, एवढं सांगायला कायद्याची पदवी लागत नाही, तरी ते जाणवायला आपल्याला सतरा वर्षं लागली.

मालेगाव तर याहून बोलकं. ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांसाठी एटीएसने नऊ मुस्लिम पुरुषांवर खटला भरला, तिथेही मोक्काखालच्या कबुल्या होत्या. २०१० च्या डिसेंबरात स्वामी असीमानंद यांनी दिल्लीत दंडाधिकाऱ्यापुढे जबाब देऊन हे आणि असे आणखी स्फोट हिंदुत्ववादी गटाने केल्याचं सांगितलं. पुढे त्यांनी तो जबाब दबावाखाली दिल्याचं सांगत मागे घेतला आणि ज्या खटल्यांत ते आरोपी होते त्यांतून ते सुटले. ते नऊ जण २०१६ मध्ये आरोपमुक्त झाले. त्या वर्षांत माझ्या ओळखीचे लोक दोन गटांत वाटले गेले होते. एका गटाला पहिली कबुली पूर्ण खरी वाटायची आणि दुसरी मारून काढलेली. दुसऱ्या गटाचं बरोबर उलट. मारून काढलेली कबुली खोटी असू शकते, हे दोन्ही गटांना चांगलं कळत होतं. फक्त ते आपल्या माणसापुरतं कळत होतं.

म्हणून ‘लोकांना खोटी कबुली म्हणजे काय ते माहीत नाही, प्रबोधन करा’ या मताचा मी नाही. लोकांना माहीत आहे. पोलीस ठाण्यात मार पडतो हे या राज्यातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. आपला प्रश्न अज्ञानाचा नसून ओळखीचा आहे. जो आपल्यातला वाटत नाही, त्याच्या बाबतीत मार हा पुरावा शोधण्याचा मार्ग ठरतो.

याची झळ सर्वांत जास्त कोणाला बसते, ते महाराष्ट्रातल्या भटक्या-विमुक्तांना विचारावं. १८७१ च्या कायद्याने ज्यांना जन्माने गुन्हेगार ठरवलं आणि १९५२ साली ज्यांचा शिक्का कागदावर पुसला, त्यांच्या वस्तीवर चोरी-दरोड्यानंतर आजही पहिली गाडी जाते. ५ जून २००३ च्या रात्री नाशिक जिल्ह्यात एका बागेतल्या झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बलात्कारही झाले. भटक्या समाजातले सहा जण पकडले गेले. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली, उच्च न्यायालयाने तिघांची जन्मठेप केली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही फाशी केल्या. हा खटला कबुलीवर उभा नव्हता, प्रत्यक्षदर्शी साक्षीवर होता. वाचलेल्या महिलेने घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळेच गुन्हेगार ओळखले होते. त्या चौघांना कोणी हात लावला नाही. ५ मार्च २०१९ ला त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल फिरवून सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षांचे पाच लाख. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण वापरतो तेव्हा तो संन्यासी नेमका कोण असतो, हे कधी सांगत नाही.

विरुद्ध बाजूचं म्हणणं मी हलकं मानत नाही. ज्या घरातलं माणूस मारलं गेलं त्यांना कलम २५ चा इतिहास ऐकवणं हा निर्दयपणा आहे. एका हवालदाराकडे बंदोबस्त, समन्स, मंत्र्यांचा दौरा आणि तपास हे सगळं असतं, प्रयोगशाळेतून अहवाल यायला महिने जातात आणि मधल्या काळात साक्षीदार फुटतात. कबुली हाच त्याच्या हातातला एकमेव स्वस्त मार्ग आहे, हेही खरं. आणि पुष्कळ कबुल्या खऱ्याही असतात. पण खरी कबुली सोबत काहीतरी घेऊन येते. पोलिसांना माहीत नसलेली जागा, कोणाला न सांगितलेला तपशील. आरोपीने सांगितल्यावरून वस्तू सापडली तर तेवढा भाग कायदाही मान्य करतो, पूर्वीचं कलम २७ ते हेच. अर्थात तिथेही निवेदन पंचनामा, ठरलेले पंच आणि आधीच ठेवलेला कोयता हा खेळ चालतोच. जिल्हा न्यायालयात काम करणारा कोणीही वकील तो तुम्हाला हसत हसत सांगेल.

इंग्लंडमध्ये १९७२ च्या एका खुनात तीन मुलांच्या खोट्या कबुल्या उघड झाल्या, त्यातून चौकशा बसल्या आणि १९८४ च्या कायद्याने पोलीस चौकशीची पद्धतच बदलली, टेपवर नोंद सुरू झाली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात आणि चौकशीच्या खोल्यांत कॅमेरे लावायला सांगितलं. कॅमेरे नेमके त्या रात्री बंद कसे पडतात, हा आता मराठीतल्या विनोदाचा विषय झाला आहे. संपूर्ण चौकशीचं चित्रीकरण नसेल तर कबुलीची बातमीच छापायची नाही, एवढं संपादकांनी ठरवलं तरी पुष्कळ होईल. त्याला ना कायदा लागतो ना निधी. बुरखा घातलेला आरोपी मध्ये आणि मागे ओळीने उभे असलेले साहेब, हा फोटोही थांबवता येईल.

आणि एक शब्द गाळता येईल. माणूस सुटला की आपण लिहितो, ‘पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता’. हा ‘पुराव्याअभावी’ फार कामाचा शब्द आहे. खाक्यावाल्या वाक्याचा तो जुळा भाऊ. त्यातून सुचवलं जातं, की केलं यानेच होतं, फक्त कागद कमी पडले. अटकेची बातमी पहिल्या पानावर चार कॉलम आणि ही आत, लग्नाच्या जाहिरातींशेजारी. लोकल स्फोटांतले लोक सुटले त्या दिवशी ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटले’ हे मी किमान दहा जणांकडून ऐकलं. सहाशे एकाहत्तर पानांतलं एकही पान कोणी उघडलेलं नव्हतं. आणि ज्यांची माणसं त्या डब्यांत गेली, त्यांना एकोणीस वर्षांनी कोणी सांगितलेलं नाही, की मग बाँब ठेवले कोणी.

परवा गाडीत शेजारच्या गृहस्थांनी मोबाइल माझ्यापुढे धरला. उपनगरातला खून, चोवीस तासांत छडा, पोलिसी खाक्या, कबुली, सगळं जिथल्या तिथे. ‘याला म्हणतात तपास,’ ते म्हणाले. मी विचारलं, कबुलीशिवाय आणखी काय मिळालंय ते लिहिलंय का? त्यांनी बातमी खालपर्यंत सरकवून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

‘तुम्ही त्याच्या नात्यातले का?’